कॉम्पॅक, ऑक्टोबर १९९१: दीड वर्ष मागणारा संस्थापक आणि न थांबलेलं बोर्ड

पीसीच्या धंद्यात उभं आयुष्य घालवलेला मोठा अधिकारी आठवणी सांगायला बसला की बहुतेक वेळा दोन गोष्टी रंगवून सांगतो, आम्ही सुरुवात कशी केली आणि आम्ही आयबीएमला कसं हरवलं. मधला भाग, म्हणजे आपलंच जमलेलं गणित आपल्याच हातात कधी बिघडायला लागलं, तो पटकन उरकला जातो. रॉड कॅनियन या माणसाने कॉम्पॅक ही पीसी बनवणारी अमेरिकन कंपनी उभी केली, जवळपास दहा वर्षं चालवली, आणि एका रात्रीत त्याला खुर्ची सोडावी लागली. बावीस वर्षांनी त्याने आपली बाजू लिहिली तेव्हा त्यातही भर होता तो आयबीएमशी झालेल्या ओपन स्टँडर्डच्या, म्हणजे पीसीची रचना कुणा एकाच्या मालकीची असू नये या लढाईवर. मला स्वतःला ती लढाई जिंकल्यानंतरची दोन-तीन वर्षं जास्त शिकण्यासारखी वाटतात, म्हणून हे प्रकरण तिथलं आहे.

नावांबद्दल एक सांगतो. कंपनीचं आणि वरच्या लोकांचं नाव झाकण्यात काही अर्थ नाही, सगळं तेव्हाच्या पेपरात आलेलं आहे. ज्या खालच्या लोकांकडून यातलं नाजूक काम करून घेतलं गेलं ते मात्र इथे नुसते 'दोन इंजिनियर' आहेत.

पार्श्वभूमी

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पीसी काढला. एवढ्या मोठ्या कंपनीच्या नेहमीच्या चालीने तो पाच वर्षांत पण झाला नसता, म्हणून त्यांनी फ्लोरिडात बोका रॅटनला एक छोटी वेगळी टीम बसवली आणि त्या टीमने वेळ नव्हता म्हणून बाजारातले तयार पार्ट उचलले, प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, डॉस. आयबीएमचं स्वतःचं म्हणावं असं खरं कुलूप एकच राहिलं, बायोस, म्हणजे मशीनच्या चिपमध्येच बसवलेला, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरची गाठ घालून देणारा छोटा प्रोग्राम.

१९८२ च्या फेब्रुवारीत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या तिघांनी, कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मुर्टो, ह्यूस्टनमध्ये कंपनी काढली. पहिली कल्पना होती आयबीएम पीसीला जोडायची हार्ड डिस्क विकायची, ती बेन रोझेन या गुंतवणूकदाराला पटली नाही. मग पाय नावाचा भाजलेला गोड पदार्थ विकणाऱ्या एका रेस्टॉरंटमध्ये टेबलावरच्या कागदी मॅटवर त्यांनी उचलून नेता येईल अशा पीसीचं चित्र काढलं, ते रोझेनला पटलं, त्याने पैसे घातले आणि तोच पुढे चेअरमन झाला. हा रोझेन लक्षात ठेवा.

मशीन उचलून नेता येईल असं म्हटलं तरी वजन जवळजवळ १३ किलो होतं, शिवणयंत्राएवढं धूड. पण त्यात खरी करामत आकाराची नव्हतीच. आयबीएमच्या पीसीवर चालणारं प्रत्येक सॉफ्टवेअर यावर जसंच्या तसं चाललं पाहिजे हा हट्ट होता. आयबीएमने बायोसचा कोड आपल्या मॅन्युअलमध्ये छापलाच होता, पण कॉपीराइट असल्यामुळे तो उचलता येत नव्हता. म्हणून एका गटाने तो वाचून फक्त 'हे काय काय करतं' एवढं लिहून द्यायचं आणि ज्यांनी तो कोड आयुष्यात पाहिलेला नाही अशा दुसऱ्या गटाने त्यावरून नवा कोड लिहायचा, असं वेळखाऊ आणि खर्चिक काम त्यांनी केलं. बाकीचे क्लोनवाले, म्हणजे आयबीएमच्या पीसीसारखं मशीन बनवणारे, 'बऱ्यापैकी चालतं' यावर समाधानी होते, कॉम्पॅक नव्हती. १९८३ या पहिल्याच पूर्ण वर्षात ५३ हजार मशीन आणि ११.१ कोटी डॉलरची विक्री झाली, तोपर्यंत अमेरिकेत कुठल्या कंपनीने पहिल्या वर्षात एवढी विक्री केली नव्हती.

या हट्टातूनच कंपनीचा स्वभाव घडला. कॅनियनची निर्णय घ्यायची पद्धत सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा करायची अशी होती, कंपनीत तिला नुसतं 'द प्रोसेस' म्हणायचे. इंजिनियरिंग, मार्केटिंग, उत्पादन, फायनान्स सगळे एका टेबलावर, कुणालाही कशावरही शंका काढायची मुभा, आणि सगळ्या शंका मिटल्याशिवाय पुढे जायचं नाही. ऐकायला हळू वाटतं पण या पद्धतीने मोठे आणि धाडसी निर्णय झालेत. १९८६ मध्ये इंटेलच्या ३८६ चिपवरचं मशीन आयबीएमच्या आधी काढायचं की आयबीएम काढेपर्यंत थांबायचं हा प्रश्न होता, कारण आयबीएमने नंतर वेगळ्या पद्धतीचं ३८६ काढलं असतं तर कॉम्पॅक तोंडघशी पडली असती. त्यांनी सप्टेंबरमध्ये डेस्कप्रो ३८६ काढला आणि पुढच्याच वर्षी आयबीएमला मागून यावं लागलं. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ सोबत मायक्रो चॅनेल ही नवी बस, म्हणजे मशीनमध्ये जोडायची कार्डं ज्यातून बोलतात तो मार्ग, आणून सगळ्या क्लोनवाल्यांकडून लायसन्स फी वसूल करायचा घाट घातला, तेव्हा १९८८ मध्ये कॉम्पॅकने एचपी, एप्सन, एनईसी, ऑलिव्हेटी, टँडी अशा आठ जणांना बरोबर घेऊन ईसा हे बसचं आपलं स्टँडर्ड उभं केलं. जन्मभराचे स्पर्धक एका स्टेजवर आणायचे म्हणजे खायचं काम नव्हतं, त्याचं श्रेय कॅनियनला द्यायलाच हवं.

विक्रीने १०० कोटी डॉलरचा टप्पा १९८७ मध्येच, म्हणजे पहिलं मशीन विकल्यापासून पाच वर्षांच्या आत ओलांडला. १९९० साल संपलं तेव्हा विक्री ३६० कोटी डॉलर, नफा ४५.५ कोटी.

१९९१ मध्ये नक्की काय बिघडलं

खरं तर बिघाड १९९० च्या आकड्यांमध्ये दिसत नाही हीच गोम आहे. वरून सगळं छान होतं आणि ग्रॉस मार्जिन, म्हणजे विक्रीतून बनवायचा खर्च वजा जाता उरणारा वाटा, ४० टक्क्यांच्या वर होतं.

पण खाली जमीन सरकत होती. कॉम्पॅकने आयबीएमशी भांडून जे मिळवलं, की पीसीचं स्टँडर्ड कुणाच्या एकाच्या मालकीचं नाही, त्याचा फायदा कॉम्पॅकला एकटीला थोडाच होणार होता. तो सगळ्यांनाच झाला, ऑस्टिनमध्ये कॉलेजच्या खोलीतून सुरू झालेल्या मायकेल डेलला, एएसटीला, पॅकार्ड बेलला, आणि तैवानहून बोर्ड मागवून गॅरेजमध्ये स्क्रू पिळणाऱ्यालासुद्धा. मे १९९० मध्ये विंडोज ३.० आलं आणि गिऱ्हाइकाला स्क्रीनवर सगळीकडे तेच दिसायला लागलं. मार्च १९९१ मध्ये एएमडीने स्वतःची ३८६ चिप काढली आणि इंटेलची त्या चिपवरची मक्तेदारी मोडली. आतला प्रोसेसर तोच, वरचं सॉफ्टवेअर तेच, मग जास्तीचे पैसे कशाचे?

कॉम्पॅकचं उत्तर होतं, क्वालिटीचे. आणि ते खोटं नव्हतं. कॉम्पॅकचं मशीन म्हणजे आजोबांच्या काळातलं गोदरेजचं कपाट, तीन घरं बदलली तरी कडी वाजणार नाही. पत्रा जाड, पॉवर सप्लाय गरजेपेक्षा दणकट, बरेच भाग स्वतः डिझाइन केलेले, टेस्टिंग भरपूर. पण १९८३ मध्ये जेव्हा अर्धे क्लोन लोटस १-२-३ हा तेव्हाचा लोकप्रिय हिशोबाचा प्रोग्राम धड चालवू शकत नव्हते तेव्हा 'आमचं चालतं' याला जी किंमत होती ती १९९१ मध्ये राहिली नव्हती, कारण आता सगळ्यांचंच चालत होतं.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटर पार्टच्या बाजारात, कोटेशन घेऊन हिंडलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर, प्रत्येकाचा वेगळा भाव एका कागदावर, खाली बेरीज, आणि शेजारच्या दुकानात ब्रँडेड मशीनचा एकच मोठा आकडा. ब्रँडेड घेणारा ऑफिसच्या पैशाने घ्यायचा, घरच्या पैशाने घेणारा असेंबल्ड. अमेरिकेत हेच थोडं आधी झालं आणि फरक एवढाच की तिथे मंदीमुळे ऑफिसवाले पण भाव विचारायला लागले.

त्यात डीलरचा मुद्दा होता. कॉम्पॅक फक्त अधिकृत डीलरमार्फत विकायची, थेट कधीच नाही, आणि डीलरचा तिच्यावर विश्वास बसला तो याच वचनामुळे. डेल फोनवर ऑर्डर घेऊन थेट घरी पाठवायची, मधल्या माणसाचं कमिशन नाही. डेलने तर जाहिरातीत कॉम्पॅकचं नाव घेऊन सरळ किमतीची तुलना केली, कॉम्पॅक कोर्टात गेली. आता बघा, किमतीच्या तुलनेवर कोर्टात जाणारी कंपनी गिऱ्हाइकाला काय सांगत असते?

आणि नेमक्या त्याच वर्षी वरच्या मॅनेजमेंटचं लक्ष दुसरीकडे होतं. एप्रिल १९९१ मध्ये कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट, मिप्स ही चिप कंपनी, डेक ही मोठे कॉम्प्युटर बनवणारी कंपनी वगैरेंनी मिळून एस नावाची एक आघाडी केली, रिस्क या वेगळ्या धाटणीच्या चिपवर चालणाऱ्या वर्कस्टेशनसाठी, म्हणजे पीसीपेक्षा ताकदवान मशीनसाठी, नवीन स्टँडर्ड करायचं म्हणून. कॉम्पॅकने सिलिकॉन ग्राफिक्स या वर्कस्टेशनच्या कंपनीमध्ये १३.५ कोटी डॉलर घालून १३ टक्के हिस्सा पण घेतला. इंजिनियरच्या नजरेने बघितलं तर एकदम बरोबर, ईसासारखी अजून एक आघाडी, अजून वरच्या दर्जाचं मशीन. मागच्या वेळी जिंकलेला डाव परत मांडायचा मोह कुणाला होत नाही.

१९९१ च्या तिसऱ्या तिमाहीत कंपनीला इतिहासातला पहिला तोटा झाला, पुनर्रचनेचा खर्च धरून सुमारे ७ कोटी डॉलर. हजाराच्या वर लोकांना घरी पाठवायचं ठरलं.

समोर कोणते पर्याय होते

एक पर्याय असा की हे मंदीमुळे आहे, थांबा, खर्च कापा, क्वालिटीला हात लावू नका. याच्या बाजूने बोलणारे कंपनीत भरपूर होते आणि ते मूर्ख नव्हते. १९८५ मध्ये पण पीसीचा बाजार मंदावला होता, कितीतरी क्लोनवाले तेव्हा बुडाले, कॉम्पॅक टिकली ती दर्जावर. अनुभव त्यांच्या बाजूला होता.

दुसरा, आहे त्याच मशीनच्या किमती कमी करायच्या. थोडं थोडं ते करतच होते, पण बनवायचा खर्चच जास्त असेल तर हे किती दिवस चालणार.

तिसरा, तैवानहून तयार मशीन घेऊन त्यावर आपला बिल्ला लावायचा. पटकन झालं असतं, पण ज्या कंपनीची अख्खी ओळख 'आम्ही स्वतः बनवतो' ही होती तिच्या इंजिनियरांसाठी हे म्हणजे घरावर पाटी दुसऱ्याची लावण्यासारखं झालं असतं, आणि दर्जा घसरला तर वरच्या मशीनचं नाव पण खराब.

चौथा, स्वस्त मशीन स्वतःच नव्याने डिझाइन करायचं. आणि इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे जो बऱ्याच लोकांच्या बोलण्यात येतो, की कॅनियनला स्वस्त मशीन नकोच होतं. तसं नाही. स्वस्त मशीन लागणार हे त्याला पटलं होतं. वाद वेळेवर होता. त्याच्या अंदाजाने त्याला साधारण १८ महिने लागणार होते, म्हणजे ते मशीन १९९३ मध्ये बाजारात आलं असतं. हा आकडा त्याने टाळाटाळ करायला फेकला असं मला वाटत नाही. कॉम्पॅकच्या पद्धतीने, सगळ्यांचं एकमत करून, सगळे भाग आपल्या कसोटीला लावून नवी लाइन काढायची तर १८ महिने हा प्रामाणिक आकडा होता.

पाचवा पर्याय थेट विक्रीचा. तो कुणी फार गांभीर्याने टेबलावर आणला असं दिसत नाही, डीलर नाराज होतील म्हणून.

या सगळ्यात एक्हार्ड फायफर हा माणूस होता. जर्मन, हाही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधूनच आलेला, १९८३ पासून कॉम्पॅकचं युरोप शून्यातून उभं केलेला, आणि १९९१ च्या सुरुवातीला सीओओ, म्हणजे सीईओच्या खालोखाल रोजचा कारभार बघणारा, म्हणून ह्यूस्टनला आलेला. तो विक्रीतून वर आला होता, 'प्रोसेस'मध्ये वाढलेला नव्हता. त्याचं म्हणणं होतं की एवढा वेळ आपल्याकडे नाही.

गुपचूप केलेली चाचणी

रोझेन चेअरमन होता पण रोजचं काम बघत नव्हता, त्यामुळे त्याच्यासमोर साधा पेच होता की १८ महिने खरोखर लागतात की हे फक्त या कंपनीच्या आतल्या हिशोबाने लागतात. हे कुणाला विचारणार? कंपनीत विचारलं तर उत्तर 'प्रोसेस'मधूनच येणार.

म्हणून त्याने कॅनियनला न सांगता कंपनीतल्याच दोन इंजिनियरना लास व्हेगासला कॉमडेक्सच्या प्रदर्शनात पाठवलं. कॉम्पॅकचे म्हणून नाही, पीसी बनवायला निघालेल्या एका नवीन छोट्या कंपनीचे लोक म्हणून. त्यांनी स्टॉलवर फिरून पार्टचे भाव काढले. परत येऊन सांगितलं ते असं की या अनोळखी कंपनीला मिळणारे काही भाव वर्षाला लाखो मशीन बनवणाऱ्या कॉम्पॅकला पडणाऱ्या खर्चापेक्षा कमी आहेत, आणि बाहेरचे पार्ट वापरून चांगलं मशीन बरंच स्वस्तात आणि कॅनियन म्हणतो त्यापेक्षा खूप लवकर करता येईल.

मला या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हा वाटतो, बोर्डाची मीटिंग नाही. कारण विचार करा, यात शोध काय लागला? कुठलं गुपित नव्हतं. हे भाव प्रदर्शनात कुणालाही मिळत होते. कॉम्पॅकमध्ये खरेदी विभाग होता, कॉस्ट अकाउंटिंग होतं, हुशार लोक होते. पण कॉम्पॅकचा इंजिनियर सप्लायरकडे जायचा तो आपलं स्पेसिफिकेशन घेऊन, हे असं बनवून द्या, इतकी उष्णता सोसलं पाहिजे, इतके तास टेस्ट झालं पाहिजे, आणि मग सप्लायर त्याचा भाव सांगायचा. बाहेरचा माणूस जाऊन विचारायचा, तुमच्याकडे तयार काय आहे आणि केवढ्याला? सगळा फरक या विचारण्याचा. दहा वर्षांत कॉम्पॅकच्या वतीने तो दुसरा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण विचारायची गरज कधी पडली नव्हती.

हो, आणि हे रोझेनने चोरून केलं. सीईओच्या पाठीमागे त्याच्याच माणसांना खोट्या ओळखीने पाठवायचं, ही गोष्ट कुठल्याही कंपनीत विश्वासाला तडा देणारी आहे. त्या दोन इंजिनियरना काय वाटलं असेल याचा पण विचार येतो, परत येऊन त्यांना त्याच ऑफिसात त्याच साहेबासमोर बसायचं होतं.

चौदा तासांची मीटिंग

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, तोट्याची घोषणा झाल्यावर लगेच, बोर्डाची मीटिंग झाली आणि ती साधारण चौदा तास चालली. बोर्डाने फायफरशी वेगळं बसून कित्येक तास चर्चा केली, तेही कॅनियनला कल्पना न देता. शेवटी एकमताने ठरलं की कॅनियनने जायचं आणि फायफर सीईओ. कॅनियनला बोर्डावर राहायची ऑफर दिली, त्याने ती घेतली नाही.

ह्यूस्टनच्या ऑफिसबाहेर शे-दीडशे कर्मचारी पाट्या घेऊन उभे राहिले, रॉड आमचं तुझ्यावर प्रेम आहे म्हणून, नंतर पेपरात जाहिरात पण दिली. नुकतीच कपात जाहीर केलेल्या सीईओसाठी कर्मचारी रस्त्यावर येतात ही साधी गोष्ट नाही. दोन आठवड्यांत हॅरिससकट आणखी काही वरिष्ठ लोक बाहेर पडले. मुर्टो तर १९८७ मध्येच गेला होता, म्हणजे तिघा संस्थापकांपैकी आता कुणीच उरलं नाही.

पुढे काय झालं

फायफरने केलेले बदल सांगायला सोपे आहेत. स्वस्त मशीनसाठी वेगळी टीम, आतल्या विभागांनी बाहेरच्या सप्लायरशी भावात स्पर्धा करायची आणि हरले तर ऑर्डर बाहेर जाणार, आणि किंमत आधी ठरवून मग डिझाइन करायचं. जून १९९२ मध्ये प्रोलिनिया आणि कॉंच्युरा या नव्या लाइन आल्या, प्रोलिनियाची सुरुवातीची किंमत ९०० डॉलरच्या आत, आणि जुन्या मशीनच्या किमती पण दणकून पाडल्या. ऑक्टोबर ते जून म्हणजे आठ महिने. मागणी एवढी आली की पुरवठा कमी पडला. त्यानंतर जी किमतींची लढाई पेटली त्यात आयबीएमला पण स्वस्त लाइन काढावी लागली आणि छोटे बरेच जण संपले.

आकडे बघा. १९९१ ची विक्री ३२७ कोटी डॉलरपर्यंत घसरली होती आणि नफा १३.१ कोटी. १९९२ मध्ये विक्री ४१० कोटी, १९९३ मध्ये ७२० कोटी, आणि १९९४ मध्ये आयबीएमला मागे टाकून कॉम्पॅक पीसीमध्ये जगात पहिली. मधे १९९३ मध्ये घरगुती गिऱ्हाइकासाठी प्रेसारिओ आला, आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरात आलेला पहिला ब्रँडेड कॉम्प्युटर तो. ग्रॉस मार्जिन मात्र ४० च्या वरून १९९३ पर्यंत २५ टक्क्यांच्या आसपास आलं आणि ते परत कधी वर गेलं नाही. नफा टिकवायचा तर आता दरवर्षी जास्त आणि अजून जास्त मशीन विकायलाच लागणार होती.

यावरून कॅनियन चुकला आणि रोझेन बरोबर असा निकाल लावणं सोपं आहे, पण दोन गोष्टी मला खटकतात. एक, आठ महिन्यांत एवढी मॉडेल शून्यातून येत नाहीत, त्यातलं काही काम आधीच कुणाच्या तरी टेबलावर असणार, आणि ज्यांनी ते पूर्ण केलं ते ह्यूस्टनचे तेच इंजिनियर होते ज्यांना १८ महिने हवे होते. म्हणजे माणसं कमी पडत नव्हती. दुसरी गोष्ट, १९९१ मध्ये कॉम्पॅक बुडत नव्हती. वर्षाचा नफा घटला तरी नफाच होता. संस्थापकाला एका रात्रीत काढण्याएवढी आग लागली होती का? मला वाटतं बोर्डाला भीती तोट्याची कमी आणि वेळेची जास्त होती, १९९३ ची वाट बघितली असती तर डेल आणि एएसटीने तोवर ऑफिसची गिऱ्हाइकं नेली असती. त्या भीतीत तथ्य होतं असं आज तरी दिसतं.

कुठे वेगळं करता आलं असतं

कॅनियनच्या बाजूने सगळ्यात मोठी संधी १९९० मध्ये होती, नफा भरपूर असताना. कॉमडेक्सला ओळख लपवून माणसं त्याने स्वतःच पाठवली असती तर तेच भाव त्याला वर्षभर आधी मिळाले असते, आणि ते 'प्रोसेस'च्या टेबलावर त्याने ठेवले असते तर ती पद्धत त्याच्याच कामाला आली असती. एकमताची पद्धत वाईट नाही, पण टेबलावर बसलेल्या सगळ्यांना जे माहीत नाही त्याबद्दल ती कितीही वेळ चर्चा करून काही बाहेर काढू शकत नाही.

वेगळ्या टीमचा धडा तर त्याच्या डोळ्यांसमोर होता. आयबीएमने बोका रॅटनला हेच केलं होतं, मुख्य कंपनीच्या नियमांपासून लांब बसवलेली छोटी टीम, बाजारातले तयार पार्ट, एका वर्षात मशीन. कॉम्पॅकचा जन्मच त्या मशीनच्या पोटातून झाला. दहा वर्षांनी कॉम्पॅक स्वतः आयबीएमच्या जागी येऊन बसली तेव्हा ह्यूस्टनपासून लांब कुठेतरी, सिंगापूर किंवा स्कॉटलंडच्या फॅक्टरीत म्हणा, पंधरा-वीस लोकांना 'किंमत ही, बाकी तुमचं तुम्ही बघा' असं सांगून बसवणं अशक्य नव्हतं. एसच्या आघाडीत गेलेल्या वेळेचा आणि पैशाचा थोडा भाग जरी इकडे वळला असता तरी पुरलं असतं. ती आघाडी पुढे वर्षभरातच विस्कटली.

रोझेनच्या बाबतीत माझं मत थोडं कडक आहे. चाचणी करणं बरोबर, लपवणं चूक. निकाल हातात आल्यावर तो कॅनियनसमोर ठेवून 'हे बघ, आठ-नऊ महिन्यांत करून दाखवतोस का?' असं विचारायला हवं होतं आणि नाही म्हणाला तर मग मीटिंग. कदाचित तो नाहीच म्हणाला असता. पण कॅनियन त्यानंतर कित्येक वर्षं कडवट राहिला ते खुर्ची गेली म्हणून कमी आणि ती अशा रीतीने गेली म्हणून जास्त असावं. शिवाय बोर्डाला पण एक सवय लागते. एप्रिल १९९९ मध्ये रोझेनच्याच बोर्डाने फायफरलाही असंच अचानक काढलं, तोपर्यंत त्याने ९६० कोटी डॉलर मोजून डेक विकत घेतलेली होती आणि ती पचत नव्हती.

राहिला पाचवा पर्याय, थेट विक्रीचा. १९९१ मध्ये सगळा वाद मशीन किती स्वस्त आणि किती लवकर यावर झाला, विकायचं कसं यावर नाही. फायफरने १९९३ मध्ये फोनवर ऑर्डर घ्यायला सुरुवात केली खरी पण डीलरना दुखवायचं नाही म्हणून ती कायम बाजूची गोष्ट राहिली. डेलकडे ऑर्डर आल्यावर मशीन बनायचं, त्यामुळे माल पडून नाही आणि चिपचे भाव उतरले की दुसऱ्या आठवड्यात डेलची किंमत उतरायची. कॉम्पॅकचं मशीन आधी बनायचं, मग डीलरच्या गोदामात पडायचं, आणि तिथे पडून राहिलेल्या प्रत्येक आठवड्यात त्याची किंमत कमी व्हायची. १९९८ च्या सुरुवातीला डीलरकडे एवढा माल साचला की तो उतरवायला किमती पाडाव्या लागल्या आणि त्या तिमाहीचा नफा जवळपास साफ झाला. बनवायचा खर्च कॉम्पॅकने डेलच्या बरोबरीला आणला होता, पण विकायचा खर्च आणला नव्हता, आणि १९९९ मध्ये डेल अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेली.